मंडळीत रडली, गल्लीत नाही

माझी मोठी जाऊ रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत उभी राहिली आणि रडली. साक्षीची, म्हणजे देवानं आपल्यात काय केलं ते सांगायची वेळ होती. पदराचं टोक तोंडाशी धरून ती म्हणाली, "मी माझ्या धाकट्या जावेबद्दल नको ते बोलले होते. प्रभूनं मला दाखवून दिलं. मी पश्चात्ताप केला. त्यानं मला क्षमा केली." सगळे म्हणाले, हालेलुया. पुढच्या सतरंजीवरच्या दोन बायकाही डोळे पुसू लागल्या. मग सगळ्यांनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं, आता माझी पाळी आहे असं.

मी खाली बघत बसले. लोकांना वाटलं, लाजते. मी लाजते हे खरंच आहे, चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. पण त्या दिवशी मी लाजत नव्हते. मला इतका राग आला होता की दात एकमेकांवर दाबून धरले होते.

नको ते बोलले, म्हणाली. काय बोलली ते सांगितलंच नाही.

ते मी लिहून ठेवते. आमची गल्ली शिरपूरच्या बाहेरच्या अंगाला आहे. ख्रिस्ती घरं आमची दोनच, तिचं आणि माझं, मधे एक भिंत. बाकी सगळे हिंदू, शेतीवाले आणि मजुरीवाले. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका मिळून पापड, कुरडया आणि बिबडे करतात. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. बिबड्यांसाठी ज्वारी भिजवून भरडायची, मोठ्या पातेल्यात लसूण, मिरची, तीळ घालून शिजवायची, आणि पीठ गरम असतानाच ओल्या कपड्यावर हातानं थापायची. लाटणं नाही, साचा नाही. हात पाण्यात बुडवायचा आणि थापायचं. हात भाजतो. ज्याचा हात हलका त्याचा बिबडा कागदासारखा होतो.

माझा हात हलका आहे. एवढी एकच गोष्ट मला लोकांसमोर येते. मी गच्चीवर बसले की बोलावं लागत नसे. बायका बोलायच्या, मी थापायची. कोणी म्हणायचं, "हिचं तोंड बंद आणि हात चालू, आपलं उलटं." सगळ्या हसायच्या, मीही हसायची. त्या हसण्यात मी गल्लीतली होते. लग्न होऊन यावलकडून इकडे आले तेव्हापासून गल्लीनं मला बोलावलं ते त्या कामासाठीच. आधी म्हणत, ह्या देवळात न जाणाऱ्या. मग म्हणायला लागल्या, बिबड्याला हिला बोलवा.

एका हिवाळ्यात माझ्या हाताची कातडी सोलली. चार घरची भांडी घासते, त्या पावडरनं बोटांमधली चामडी निघत होती. सरकारी दवाखान्यात मलम दिलं, गोळ्या दिल्या. उन्हाळ्यापर्यंत हात बरा झाला. पण त्याआधीच जावेनं कोपऱ्यावरच्या घराच्या ओट्यावर, तूर निवडता निवडता सांगितलं होतं की मला महारोग आहे. सरकारी गोळ्या त्याच्याच आहेत. घरात लपवून ठेवलंय. "मी पण तिच्याकडचं पाणी पीत नाही," असंही म्हणाली. पीत होती. रोज सकाळी माझ्याच हातचा चहा पीत होती.

त्या उन्हाळ्यात मला कोणी बोलावलं नाही. आधी वाटलं, विसरल्या. मी परात घेऊन समोरच्या घरी गेले. दारातच ती बाई म्हणाली, "यंदा थोडंच करतोय." तिच्या मागं अंगणात ज्वारीचं पातेलं रटरटत होतं, एकटीला उचलणार नाही एवढं मोठं. मी परात घेऊन परत आले. मग एकदा शेजारच्या घरी कालवण दिलं, तर वाटी पदरानं धरून घेतली आणि परत आली ती राखेनं घासलेली. नंतर एका पोरीनं माझ्या मुलीला शाळेत सगळं सांगितलं आणि मुलीनं मला विचारलं, "आई, तुझी बोटं झडणार का?"

आणि असता रोग, तरी काय होतं? गोळ्या घेतल्या की बरा होतो असं दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलंय, मी वाचलंय. पण ते गल्लीला कोण सांगणार? मी? मला तर रिक्षावाल्याला थांब म्हणता येत नाही.

दोन उन्हाळे असे गेले. गच्चीवरून हसणं ऐकू यायचं आणि मी खाली भांडी घासायची. जाऊ मात्र गच्चीवर असायची. वरून पायऱ्या उतरताना परातीवर कपडा झाकून चार ओले बिबडे माझ्या मुलीसाठी आणायची. मुलगी खायची. मी ते कसं बघत होते ते मलाच ठाऊक.

आणि ह्याच्यावर तिनं मंडळीत रडून घेतलं. सभा सुटल्यावर बायकांनी तिला मिठ्या मारल्या. एक म्हणाली, "किती धाडस लागतं हो असं उभं राहायला." मग तिला पुढं करून माझ्याकडे आणलं. तिनं मला मिठी मारली. माझे हात नुसते खाली लटकत होते. कोणीतरी म्हणालं, "माफ केलं ना? म्हणा की. आपण माफ केलं नाही तर देव आपल्याला कसा करेल?"

बघा, कसं फिरवलं. खोटं ती बोलली, आणि संध्याकाळपर्यंत गुन्हेगार मी.

पुढच्या आठवड्यात प्रभुभोजन होतं. आमच्याकडे द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचं ताट ओळीनं फिरतं. माझ्यापुढे आलं तसं मी ते पुढच्या बाईकडे सरकवलं. आवाज काही झाला नाही, पण पत्र्याच्या त्या खोलीत सगळ्यांनी पाहिलं. पेला न घेणं म्हणजे मन स्वच्छ नाही. जावेनं तिचा पेला घेतला, डोळे मिटून.

दोन दिवसांनी मंडळी चालवणारे पाळकसाहेब आणि त्यांच्या पाळकबाई घरी आले. मी चहा टाकला. साहेब माणूस चांगला आहे, आवाज चढवत नाही. म्हणाले, "वहिनी, तुम्ही ताट पुढं दिलंत."

मी मान हलवली.

"जाऊबाईंनी तर सगळ्यांसमोर पश्चात्ताप केला. आता तुमच्या मनात काय आहे?"

पाळकबाई म्हणाल्या, "बोला हो. कडूपणा आत ठेवला की तो आपल्यालाच खातो."

मी गॅसकडे तोंड करूनच बोलले. समोर बघून बोलता आलं नसतं. "साहेब, तुम्ही उपासाच्या दिवसांत एक गोष्ट सांगितली होती. धुळ्याच्या स्टँडवर शिरपूरची गाडी सोडून माणूस अमळनेरच्या गाडीत बसला. कळल्यावर गाडीतच रडायला लागला. तुम्ही म्हणाला होता, रडून शिरपूर येत नाही. उतरावं लागतं, आणि परत जावं लागतं."

"हो. सांगितली होती."

"मग ती उतरली कुठं?"

साहेबांनी पाळकबाईंकडे पाहिलं. मी म्हटलं, "ती ओट्यावर बोलली. कोपऱ्यावरच्या घरी, तूर निवडताना. मंडळीतल्या कोणाला ते माहीतसुद्धा नव्हतं. मंडळीत कोणी माझ्या हातचं टाकलं नाही. ज्यांनी टाकलं त्या सगळ्या गल्लीत आहेत. त्यांना अजून वाटतं मला महारोग आहे. इथं रडली की हालेलुया मिळतं. तिथं जाऊन सांगितलं की काय मिळेल ते तिला माहीत आहे, म्हणून ती इथं रडली."

चहा उतू गेला. पाळकबाई उठून गॅस बंद करायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, एवढं बोलता येतं तुम्हाला?" मला त्याचाही राग आला.

साहेबांनी कप हातात घेतला. मग म्हणाले, "मी त्यांना विचारलंच नाही, काय बोलल्या म्हणून. मला त्यांचे अश्रू बघून बरं वाटलं." प्रार्थना केली, छोटीशी, आणि भिंतीपलीकडे जावेकडे गेले.

ते गेल्यावर जाऊ माझ्या दारात आली. चप्पलही काढली नाही.

"साहेबांकडे चुगली केलीस?"

मी म्हटलं, "अक्का, तू जे बोललीस तेच सांगितलं."

"देवानं माफ केलं मला. तू कोण मोठी लागून गेलीस?"

"मला महारोग आहे असं देवाला सांगितलं होतंस का?"

तिनं मागं वळून गल्लीकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "गल्लीत कसं सांगू? शेण घालतील तोंडात. म्हणतील, ह्या किरिस्तावांत बघा, सख्ख्या जावेवर असं बोलतात आणि रविवारी गाणी गातात. प्रभूचं नाव खराब होईल. तुला चालेल?"

प्रभूचं नाव. थंडीत गोधडी ओढावी तसं तिनं ते अंगावर ओढून घेतलं. मी म्हटलं, "माझं नाव दोन उन्हाळे खराब आहे. तेव्हा प्रभूचं काय चाललं होतं?" हे बोलल्यावर मलाच धडकी भरली. पण शब्द परत घेतला नाही. मी शिकून शिकून चौथी शिकले, पवित्र शास्त्र वाचताना बोट ठेवून वाचते. तरी मला एवढं कळतं की त्यात प्रभूनं देवळात अर्पण घेऊन आलेल्याला आधी घरी पाठवलंय, ज्याचं वाकडं केलंस त्याच्याकडे जा म्हणून. मधे शॉर्टकट सांगितलेला नाही.

"का बोललीस पण?" मी विचारलं. इतके दिवस हेच विचारायचं होतं.

ती चौकटीला टेकली. "सगळ्या तुझेच बिबडे मागायच्या," म्हणाली. "मी आधी आले ह्या गल्लीत."

एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल.

महिना असाच गेला. आम्ही बोलत नव्हतो. मंडळीत बायका माझ्याशी हळू आवाजात बोलत, आजारी माणसाशी बोलतात तसं. मग ऊन तापलं आणि समोरच्या गच्चीवर ज्वारी शिजायला लागली. मी अंगणात चादरी धूत होते. जाऊ तिच्या दारातून बाहेर आली, सरळ माझ्याकडे आली आणि माझं ओलं मनगट धरलं.

"चल," म्हणाली.

"कुठं?"

"चल म्हणते ना."

तिनं मला जिन्यावरून ओढतच वर नेलं. तिच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप वगैरे काही नव्हता, रागच होता. वर पाच-सहा बायका बाजेवर कपडा ताणून बसल्या होत्या. आम्हाला दोघींना बघून बोलणं थांबलं. जावेनं माझं मनगट वर धरलं आणि हात त्यांच्यापुढे केला.

"हिच्या हाताला काही नव्हतं," ती म्हणाली. "भांड्यांच्या पावडरनं सोलला होता. रोगाचं मी खोटं सांगितलं. मी रोज हिच्याकडचा चहा पीत होते."

रडली नाही. मी बघत होते, रडते का. इथं रडणं तिला जमलं नाही.

कोपऱ्यावरच्या घरची म्हातारी पातेलं ढवळत होती. तिनं काठी थांबवली आणि इतके दिवस का बोलली नाहीस म्हणून विचारलं. "इतला दिन काब्रं नही बोलनी व?"

जावेनं माझं मनगट सोडलं.

"बठ्ठी गल्लीले तूच सांगेल व्हतं ना."

"हो. सगळ्या गल्लीला मीच सांगितलं."

एक तरुण सून खुदकन हसली. "जावेचं असं, मग आपलं काय काय सांगितलं असेल हो हिनं?" दुसरी म्हणाली, "आणि आपल्याला प्रार्थनेला बोलवत होती." सगळ्या हसल्या. जावेची मान खाली गेली. मी तिचं असं तोंड कधी पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं, ते मी लपवत नाही.

मग गच्चीवाली, समोरच्या घरची बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "ये व, बस. पीठ थंडं व्हयी ऱ्हायनं."

बस. एवढंच. दोन उन्हाळे वाटी पदरानं धरली, राखेनं घासली, माझ्या पोरीला रडवलं, आणि आता पीठ थंड होतंय म्हणून ये. एकीनंही म्हटलं नाही, आमचं चुकलं, आम्ही विचारायला हवं होतं. खोटं बोलणारीला निदान जिना चढावा लागला. खोटं ऐकणाऱ्यांनी जागचं हलायचंही कष्ट घेतले नाहीत. त्यांच्यासाठी कोण साक्ष देणार? मला उलटपावली खाली जावंसं वाटलं.

पण पीठ खरंच थंड होत होतं. थंड पीठ थापलं की बिबडा फाटतो. मी बसले. हात पाण्यात बुडवला आणि पहिला गोळा घेतला. भाजला. म्हातारी वाकून माझ्या बोटांकडे बघत होती. मी बघू दिलं.

जाऊ उन्हातच उभी होती. तिला कोणी बस म्हटलं नाही. ज्या सुनेशेजारी जागा होती तिनं तिथं तिळाचं ताट ठेवून दिलं. जाऊ परत जाऊ शकत होती, जिना मोकळा होता. गेली नाही. मी चार बिबडे थापले, पाचवा थापला. ती तशीच. मी मनात म्हटलं, उभी राहू दे, मी किती उभी होते. सहावा थापला. मग वारा सुटला आणि कपड्याचं टोक उडून ओल्या बिबड्यांवर पडायला लागलं.

"अक्का," मी म्हटलं, वर न बघता, "टोक धर."

तिनं वाकून टोक धरलं आणि संपेपर्यंत धरून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहाला आली, चप्पल दाराबाहेर काढून. मी कप पुढे केला. तिला काही बोलायचं होतं असं वाटलं. मी भांड्यांना निघून गेले.

पुढच्या प्रभुभोजनाला ताट माझ्यापुढे आलं. राग होताच. गल्लीवर होता, जावेवर अजून थोडा होता, मंडळीतल्या त्या मिठ्या मारणाऱ्यांवरही होता. रागासकट पेला घेता येतो का हे मी पाळकसाहेबांना विचारलं नाही. मी पेला उचलला. बोटांना अजून लसणाचा वास येत होता. प्यायले, आणि ताट जावेकडे दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि बराच वेळ धरून ठेवलं, पेला उचलायच्या आधी.