स्वप्नात सुचलेली चाल

परवा मिक्सर दुरुस्त करून घेताना तापलेल्या कथलाचा वास आला आणि मूल गावातलं अब्बांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आठवलं. बाजाराचा दिवस होता. जंगलातल्या गावची सोमारीबाई मोहफुलांची टोपली उतरवून दारात टेकली होती. टीव्हीवर गाण्यांच्या व्हिडिओंचा बक्षीस समारंभ चालू होता. अचानक एका व्हिडिओत तिच्याच गावच्या बाया नाचताना दिसल्या.

"हे गाणं माह्या मायचं हाय," ती अब्बांना म्हणाली. "कॅमेरेवाले आले तवा मीच त्यायले म्हणून दाखवलं."

त्याच व्हिडिओला पहिलं बक्षीस मिळालं. चकचकीत कोटातला गायक ट्रॉफी उंचावत म्हणाला, ही चाल मला स्वप्नात सुचली. अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

सोमारीबाई शांतपणे म्हणाली, "भाऊ, त्याले सपन पडलं असंल. आमी तं जाग्याच होतो."

अब्बांनी टीव्ही बंद केला.

तेव्हा मला त्या गायकाचा संताप आला होता. आज त्याहून जास्त येतो तो टाळ्या वाजवणाऱ्यांचा. नाचणाऱ्या बाया कोण, कुठल्या, हे त्यांतल्या एकानंही विचारलं नाही. ते गाणं अजून लग्नांत वाजतं, त्या गायकाच्याच नावानं.