पावणेदोन किलोचा ट्रायपॉड

त्या चौकीवर माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी हवलदार होतो. चौकी पंधरा हजार फुटांवर होती. तिचं नाव सांगत नाही, सांगितलं तरी नकाशात सापडायचं नाही. आम्ही अठरा जण होतो आणि काम एकच होतं. समोरच्या कड्यावर कोण येतं, कोण जातं, काय बांधतं, ते रोज बघायचं आणि लांब लेन्सच्या कॅमेऱ्याने त्याचे फोटो काढायचे. सिव्हिलमधल्या लोकांना फौजी म्हटलं की गोळीबार आठवतो. चौदा महिन्यांत मी तिथे एकही गोळी झाडली नाही. फोटो मात्र रोज काढले.

चौकीतून कडा नीट दिसत नसे. त्यासाठी एक नाला ओलांडून पलीकडच्या उभ्या खडकावर चढावं लागे. त्याला आम्ही पॉइंट म्हणायचो. जायला पस्तीस मिनिटं लागत. नाल्याच्या वर बर्फाचा मोठा उतार होता. सकाळी आठला त्याच्यावर ऊन येई आणि बर्फ सैल होई. म्हणून स्टँडिंग ऑर्डर होती, आठच्या आत नाला ओलांडून अलीकडे यायचं. ही ऑर्डर बंकरच्या फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेली होती.

अडचण होती ट्रायपॉडची. आम्हाला मिळालेला ट्रायपॉड लोखंडी होता, सहा किलोचा. सहा किलो म्हणजे बाजारातून आणायची भाजीची पिशवी, असं तुम्हाला वाटेल. पंधरा हजार फुटांवर तीच पिशवी पाठीवर घेऊन चढा आणि मग सांगा. रजेवर निघताना कंपनी कमांडर साहेब म्हणाले, रायपूर मोठं शहर आहे, तिथून एक मजबूत आणि हलका ट्रायपॉड बघून आण.

मी रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातला. आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी अमरावतीहून इथे आले आणि आम्ही इथलेच झालो. रजेतले तीन दिवस मी शंकर नगरातल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात घालवले. दुकानदार हलकेपणाचं कौतुक सांगत होता. मी प्रत्येक ट्रायपॉड पूर्ण उघडून वरून तळहाताने दाबत होतो. मधल्या हुकाला पाण्याचा कॅन लटकवत होतो. कॅमेरा चढवून लेन्सला टिचकी मारायची आणि चित्र किती वेळ थरथरतं ते मोजायचं. ज्याच्या पायाचं शेवटचं नळकांडं बोटापेक्षा बारीक, तो बाद. ज्याला उंची मिळायला मधला दांडा वर ओढावा लागतो, तोही बाद, कारण वाऱ्यात तो डोलतो. शेवटी एक ॲल्युमिनियमचा सापडला. पावणेदोन किलोचा, आणि दोन म्हणेपर्यंत चित्र स्थिर.

घरी आणला तेव्हा माझी बायको सुधा म्हणाली, "मले पाहाले आले तं वीस मिनिटांत उठून गेले होते. या तीन टांगेवाल्याले तीन दिवस लावले."

निघायच्या दिवशी दुपारी मी ट्रायपॉडचे सगळे सांधे तिच्या शिलाई मशीनच्या तेलाने माखून घेतले. फौजी माणसाच्या हाती धातूची वस्तू आली की आधी तेल लागतं. रायपूरच्या पावसाळ्यात ते बरोबरही आहे. उंचीवर मात्र रायफल कोरडी पुसून ठेवतात, कारण थंडीत तेल घट्ट होऊन सगळं अडकतं. रंगरूटांना हा धडा मी स्वतः शिकवला होता. पण ट्रायपॉड म्हणजे रायफल नव्हे, त्यामुळे ते डोक्यात आलंच नाही. सुधाने विचारलं, "मशीनीचं तेल काहून नेऊन राहिले?" लागेल म्हणालो आणि बाटली बॅगेत टाकली.

चौकीवर ट्रायपॉडचं फार कौतुक झालं. सर्वांत जास्त खूश झाला लान्स नाईक पुरनलाल साहू, कारण पॉइंटच्या सर्वांत जास्त पाळ्या त्याच्याच असत. पुरन अभनपूरजवळच्या एका खेड्यातला, म्हणजे माझ्या घरापासून तासाभरावरचा. एवढ्या दूर आपल्याकडचं माणूस भेटलं की बरं वाटतं. तो मला उस्ताद म्हणे आणि कुठल्याही कामाला त्याचं उत्तर एकच असे, "हव," म्हणजे हो. साहेब खाली बेसला लोकांना सांगत, आमच्या हवलदाराने निवडलेला ट्रायपॉड बघून जा. मला ते आवडायचं, कशाला लपवू?

जानेवारीतल्या त्या सकाळी पुरन ०६५० ला निघाला. सोबत एक जवान होता. नियमाप्रमाणे तो दोर घेऊन नाल्याच्या अलीकडे थांबला. दुपारी कंपनी कमांडर फोटो बघायला वर येणार होते. ०७२५ ला पुरन पॉइंटवर पोचला. ०७३१ ला रेडिओवर त्याचा आवाज आला.

"एक टाँग नहीं खुल रही, उस्ताद. जाम है. ओव्हर."

"कोशिश कर. ओव्हर."

०७४० ला तो म्हणाला, हातमोज्यांत पकड येत नाही. मी म्हणालो, काढून बघ. तेव्हाच मला तेल आठवलं. चार महिन्यांत त्या तेलात बारीक धूळ बसली असणार आणि थंडीने त्याची खळ झाली असणार, हे मला रेडिओ हातात असतानाच कळलं.

आठच्या आत नाला ओलांडायचा तर ०७५० ला पॉइंट सोडायला हवा होता. ०७५० ला मी घड्याळ पाहिलं. परत ये, एवढंच म्हणायचं होतं. पण मग फोटो नाहीत, आणि लॉगबुकात ट्रायपॉड निकामी अशी नोंद, आणि दुपारी साहेबांसमोर त्याचं कारण. मी गप्प राहिलो. हवलदार बोलावत नाही म्हणजे थांबायचं आहे, असं पुरनने समजून घेतलं. दुसरा कुणीही तेच समजला असता.

०८०४ ला तो बोलला. आवाजात आनंद होता.

"खुल गई, उस्ताद."

"फोटो ले और निकल."

"हव."

०८१९ ला अलीकडे थांबलेल्या जवानाचा आवाज आला, बर्फ आला, बर्फ आला. पुरन आम्हाला ११४० ला सापडला. कॅमेरा त्याने कोटाच्या आत छातीशी धरला होता. त्यात चौदा फोटो होते. त्या दिवशी समोरच्या कड्यावर कुणीच नव्हतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, उशीर का झाला? मी म्हणालो, थंडीने ट्रायपॉड जाम झाला, साब. ते खोटं नव्हतं. तेलाचं कुणी विचारलं नाही आणि ०७५० चंही विचारलं नाही. मी तेलाची बाटली चौकीमागच्या खड्ड्यात टाकून दिली.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. मी नायब सुभेदार होऊन निवृत्त झालो. पुरनच्या गावात शाळेच्या आवारात त्याचा अर्धपुतळा आहे. दर जानेवारीत तिथे हार घालतात आणि मला बोलायला बोलावतात. माझं भाषण चार मिनिटांचं. कर्तव्य, थंडी, जाम झालेला ट्रायपॉड, अखेरच्या श्वासापर्यंत न सोडलेलं काम. टाळ्या पडतात. पुरनची बायको दुलारी पहिल्या रांगेत बसते. ती मला भैया म्हणते, दिवाळीला घरी बोलावते आणि डब्यात बेसनाची तळलेली ठेठरी भरून देते. मी ती कधीच खात नाही, डबा तसाच सुधाकडे देतो.

गेल्या डिसेंबरात पुरनची मुलगी दामिनी स्कूटीवरून ब्राह्मणपाऱ्यात आमच्या घरी आली. ती आता बावीस वर्षांची आहे आणि फोटोग्राफी शिकली आहे. हिमालयात उंचावरच्या पक्ष्यांची पाहणी करणाऱ्या एका टीममध्ये तिला सहा महिन्यांचं काम मिळालं होतं. मजबूत आणि हलका ट्रायपॉड हवा होता. "बड़े पापा, आप को समझता है," ती म्हणाली. मी तब्येतीचं कारण काढून बघितलं. तिने ते ऐकून घेतलं नाही.

आम्ही शंकर नगरात गेलो. दुकान दुसरं, पण दुकानदार तसाच, हलकेपणाचं कौतुक सांगणारा. मी तिला दाबून बघायला शिकवलं, टिचकी मारायला शिकवलं. तिच्या हातात लोकरीचे मोजे घालायला लावले आणि म्हणालो, मोजे न काढता तिन्ही पाय उघडून दाखव. पोरगी हुशार. चौथ्या ट्रायपॉडवर थांबली. कार्बनचा, दीड किलोच्या आतला. मीही तोच निवडला असता.

दुकानदाराने खणातून तेलाचा डबा काढला आणि म्हणाला, थोडं मारून देतो, लोण्यासारखा चालेल. मी त्याचं मनगट धरलं. "नको," मी म्हणालो, आणि आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. दुकानातली माणसं बघायला लागली.

दामिनीने का म्हणून विचारलं. मी म्हणालो, थंडीत तेल जमतं. वडिलांचा ट्रायपॉड थंडीने जाम झाला, हे ती दरवर्षी माझ्या भाषणात ऐकत आली होती. फौजेत मला मोठमोठ्या साहेबांनी प्रश्न विचारले आहेत. इतकं साधं कुणी विचारलं नव्हतं.

"पापा के ट्रायपॉड में तेल किसने डाला था?"

"मैंने," मी म्हणालो. मग तिथेच, काउंटरपाशी उभ्याने, तिला ०७५० चंही सांगितलं.

तिने ट्रायपॉड मिटला आणि पिशवीची चेन लावली. मला स्कूटीवर मागे बसवून घरी आणलं. मला फाटकाशी उतरवून म्हणाली, "मम्मी को मैं नहीं बताऊँगी. आप बताओगे. वहीं, जहाँ हर साल बोलते हो."

संध्याकाळी सुधाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तेलाची बाटली तुमी वापस आणली नाही. अन् तवापासून घरातल्या पंख्यालेबी कधी तेल देलं नाही तुमी. मी समजून गेले होते." बारा वर्षं तिने मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. मला तिच्यासमोर बसवेना. उठून अंगणात गेलो.

जानेवारीत कार्यक्रम ठरल्याप्रमाणे अकराला सुरू झाला. सरपंच होते, शाळेची मुलं होती, गावातली शंभरेक माणसं होती. दुलारी पहिल्या रांगेत होती, शेजारी दामिनी. मी माईकसमोर उभा राहिलो आणि नेहमीचं भाषण केलं नाही. तेल मी लावलं, हे सांगितलं. ०७५० ला त्याला परत बोलावायला हवं होतं आणि मी माझी इभ्रत सांभाळत बसलो, हे सांगितलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे न कळून सरपंच माझ्याकडे बघत होते.

दुलारी जागेवरून उठली.

"आप बुला लेते, तो वो आ जाते?"

"हाँ," मी म्हणालो. "आ जाता."

तिने मान हलवली. मग पायऱ्या चढून मंचावर आली. मला वाटलं, हिने आता काहीही म्हणावं, तिचा हक्क आहे. ती एवढंच म्हणाली, "आप बैठ जाइए, भैया. आज मैं बोलूँगी."

बारा वर्षांत तिला कुणी बोलायला सांगितलंच नव्हतं. दरवर्षी मी बोलायचो आणि सगळे घरी जायचे. तिने माईक दोन्ही हातांनी धरला आणि छत्तीसगढीत बोलायला सुरुवात केली. माझ्या तेलाविषयी ती काही बोलली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. ती पुरनविषयी बोलली. त्याने स्वतः घातलेली स्वयंपाकघरातली फरशी तिरकी आहे आणि आजही सगळं पाणी देवाच्या कोपऱ्यात जातं. त्याला भाताबरोबर लोणचं लागायचं, भाजी असो नसो. दामिनी झाली तेव्हा तो फोनवर रडला आणि लाइन खराब आहे म्हणाला. मुलं हसायला लागली तशी तीही थोडी हसली. मग म्हणाली, पावसाळ्याआधी घरावरची कौलं फिरवायची असली की तो तिच्या भावाला बोलावून आणायचा आणि स्वतः खाली शिडी धरून उभा राहायचा. लहानपणी आंब्यावरून पडला होता, तेव्हापासून त्याला उंचीची भीती वाटायची. वर गेला की त्याचे पाय कापायचे. हे कुणाला सांगू नको म्हणून त्याने तिला शपथ घातली होती.

ती अठरा मिनिटं बोलली. सवयीने मी घड्याळ बघितलं होतं.

लान्स नाईक पुरनलाल साहूला त्या पॉइंटवर मी एकेचाळीस वेळा पाठवलं. एकेचाळीस वेळा तो हव म्हणाला.