मंडईच्या दिवशी नवा ड्रेस

मला माणसांना भेटायची भीती वाटते. आजही वाटते. छत्तीसगडातल्या माझ्या टेबलावरचा फोन वाजला की आधी तो दोन-तीनदा वाजू देते, मग हात पुढे जातो.

तेव्हा मी तिरोड्याला कंत्राटावर होते. विजेच्या कारखान्यात लागणारं पाणी तपासायचं काम. कंत्राट संपत आलं होतं आणि घरचे त्याचीच वाट पाहत होते. नोकरी सुटली की उन्हाळ्यात माझं लग्न, हे मला न विचारताच ठरून गेलं होतं. मी जागोजागी अर्ज टाकले, कुठूनच उत्तर नाही. प्रयोगशाळेतली एक वयस्क बाई म्हणाली, अर्ज टाकून गप्प काय बसतेस, माणसाला जाऊन भेट.

माणूस होता. गोरेगावकडच्या माझ्या आत्याच्या गावचे एक साहेब छत्तीसगडातल्या कारखान्यात पाणीविभाग सांभाळत. आमच्याकडे भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. बाहेर नोकरीला गेलेला माणूस एखादी दिवाळी चुकवेल, गावची मंडई चुकवत नाही. साहेब येणारच होते.

परक्या घरात एकटीने शिरायची हिंमत नव्हती. आत्याला बरोबर घेतलं, दिवाळीचा नवा ड्रेस घातला. इथेच अक्कल गहाण ठेवली. मंडईच्या दिवशी नटलेली पोरगी आत्यासोबत कुणाच्या घरी गेली, तर आमच्याकडे त्याचा एकच अर्थ होतो. तो भीतीपायी मला सुचलाच नाही.

साहेब मंडईत फिरायला गेले होते. त्यांच्या आईने आम्हाला बसवलं, पोहे दिले. मग शिक्षण किती, शेती किती, धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, जमतो का, असं विचारत गेली. मला वाटलं, मोठ्या घरात ओळख अशीच करून घेत असतील. सगळं खरं खरं सांगितलं. आत्या गालात हसत होती. साहेबांचा धाकटा, बिनलग्नाचा भाऊ दारातून दोनदा डोकावला, तेव्हा कुठे अर्थ लागला आणि पोह्यांची बशी मी खाली ठेवली.

तेवढ्यात साहेब आले. आता बोलले नाही तर हेच घर माझं सासर होणार, आणि बोलले तर भर घरात शोभा. पाय गार पडले होते. अर्जासाठी आणलेली फाइल उघडताना कागद सांडले. ते गोळा करता करता, वर न बघताच मी बोलले.

"सर, मी सोयरिकीसाठी नाही आली. कामासाठी आली."

बाहेर मंडईतला भोंगा वाजत होता. साहेबांनी कागद चाळले, दोन-चार प्रश्न विचारले, कळवतो म्हणाले. त्यांची आई माझे हात बघत होती.

"मंग येवढी थरथरून काऊन राहिली माय? आमी का तुले खातो?"

पुढच्या आठवड्यात निरोप आला, पण साहेबांच्या आईचा. पोरगी पसंत आहे, बोलते ते आवडलं. निरोप घेऊन आत्याच आली आणि घरात आनंदीआनंद झाला. बाबा म्हणाले, एवढं चांगलं घर चालून आलं. चालत तर मीच गेले होते. नाही म्हणायचं ते साहेबांच्या घराला, आणि नोकरीही त्यांच्याच हातात.

गोठ्यामागे जाऊन साहेबांना फोन लावला.

"सर, तुमच्या भावासाठी माझा नकार आहे. आईंना सांगा, माफ करा. पण नोकरीचं काय झालं, ते विचारायचं होतं."

साहेबांनी उलटच विचारलं.

"माझ्याच घराला नाही म्हणताना भीती नाही वाटली?"

"बहुत वाटली सर. अजून वाटून राहिली."

सोमवारी कारखान्यात मुलाखत आहे, ये, असं ते म्हणाले. निवड दुसरी माणसं करतात, हेही सांगितलं.

वळले तर मागे आत्या उभी. सगळं ऐकलं होतं तिने. आता ओरडेल म्हणून मी अंग चोरलं.

"सोमवारी मी बी येईन संगं," ती म्हणाली. "पन तो नवा ड्रेस नोको घालू."

जुनाच घालून गेले. आत मुलाखत देताना पाय तेवढेच गार होते, आणि आत्या बाहेर बाकावर बसून होती.