सगुणाबाईचा हातगुण

जानेफळच्या सगुणाबाईचा हातगुण चांगला, असं सगळे म्हणत. गावातून कोणी मोठ्या कामाला निघालं की तिनंच ओवाळायचं, ही रीतच पडली होती. सदतीस सालच्या निवडणुकीत मेंबर झालेले देशमुख नागपूरच्या असेंब्लीला निघाले, तेव्हाही तिनंच ओवाळलं. ते तिकडेच तापानं गेले. पोटनिवडणुकीत दुसरा मेंबर आला. त्यालाही तिनं ओवाळलं, आणि वाटेतच त्याची मोटार घाटात उलटली.

मग बाया तिला बघून लेकरं पदराआड घेऊ लागल्या. कालपर्यंत गोडवे गाणारी हीच ती मेली तोंडं! सगुणाबाई स्वतःच्याच हातांना भिऊ लागली. नवऱ्याच्या ताटात भाकर वाढण्याआधीही ती दोन-दोनदा हात धुवायची.

जागा पुन्हा रिकामी झाली आणि या खेपेला तिचा नवरा, उकंडराव, उभा राहिला. तिनं त्याचे पाय धरले.

"नका उभे राहू. निवडून आले त मलेच ओवाळा लागन."

उकंडराव हसला. "अडान्यावानी काऊन करतं व? ओवाळल्यानं कुठी मानूस मरते काय?"

त्या हसण्यानं तिला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

उकंडराव पडला. निवडून आलेला तुळशीराम नागपूरला निघाला, त्या सकाळी उकंडरावानं स्वतः फळीवरचं ताट काढलं, राखेनं लख्ख घासलं, निरांजन पेटवलं आणि तिच्या हातात दिलं.

"जाय," तो म्हणाला, "त्याले ओवाळून ये."