किल्ल्यातली रिठी

आमचं गाव किल्ल्याच्या आत होतं. किल्ला म्हटलं की लोकांना बुरूज आणि तोफा आठवतात; तसलं आमच्याकडे काही नव्हतं. केशोरीपलीकडच्या जंगलात एका टेकाडाभोवती मातीचा जाड कोट, बुजत आलेला खंदक आणि दगडी दरवाज्याची एकच बाजू, एवढाच आमचा किल्ला. गोंड राजांच्या वेळी तिथे म्हणे सरहद्दीची चौकी होती. मग तिथली माणसं उठून गेली. का गेली ते कोणाला सांगता येत नव्हतं. माझा आजा चार नातलगांना घेऊन वैनगंगेकडून आला तेव्हा आत नुसता बांबू माजला होता. त्यांनी तो तोडला, खंदकाचं पाणी अडवून बोडी, म्हणजे लहानसं तळं, केली, खाली धानाच्या बांध्या पाडल्या. पहिल्याच वर्षी दोन बैल वाघाने नेले, तरी माणसं हलली नाहीत.

उठून गेलेल्या गावाला आमच्याकडे रिठी म्हणतात. आसपासचे लोक त्या जागेला रिठीच म्हणत. आजा येऊन वसला तरी म्हणत राहिले, आणि हळूहळू आम्हीही म्हणू लागलो. माझ्या वेळेपर्यंत आत तीसेक घरं होती, पोरांचा दिवसभर गोंगाट असायचा, तरी गाव आपलं रिठीच. त्यात काही खटकण्यासारखं आहे, असं कोणाच्या मनातही आलं नाही.

इंग्रज सरकारने राखीव जंगलाची हद्द आखायला घेतली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, लग्न झालेला आणि चौथी पास. गावात चौथी पास मी एकटाच, त्यामुळे अंगात शहाणपण जरा जास्तच होतं. हद्दीचे कागद करणाऱ्या कारकुनाचा तंबू दोन कोस खाली पडला होता. तो हिंदी मुलखातला माणूस. वर वाघ आहे हे ऐकल्यावर किल्ल्याकडे फिरकलाच नाही. मलाच खाली बोलावलं. नकाशावर बोट ठेवून त्याने विचारलं, कोटाच्या आत काय आहे? मी म्हटलं, रिठी. त्याने मान वर केली. "रिठी? पक्का?"

"पक्का. आज्याच्या वेळेपासून रिठीच हाय," मी म्हणालो.

त्याने लिहून घेतलं आणि मी खाली चांगली वळणदार सही ठोकली. गावाचं नाव सरकारदरबारी लागलं असं मी घरी येऊन सांगितलं, तेव्हा बाबांनी घरोघरी गूळ वाटला.

पुढच्या वर्षी धान कापून झालं आणि नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचा शिपाई, हुकूम घेऊन आला. कोटाच्या आतली जागा ओसाड असल्याने ती राखीव जंगलात गेली, आठ दिवसांत निघा. बाबांनी त्याला हाताला धरून घरोघर फिरवलं, चुलीवरचा भात दाखवला, पाळण्यातलं माझं पोर दाखवलं. तो बिचारा सगळं पाहत होता आणि कागद पुढे धरत होता. मी तहसिलीत धावलो. तिथल्या बाबूने कागदांचा बस्ता सोडून मला माझीच सही दाखवली. ते आमच्या गावाचं नाव आहे, असं मी त्याला पाच-सहा तऱ्हांनी सांगितलं. नावाचा रकाना वेगळा असतो, तो म्हणाला, आणि तो कोरा आहे. स्वतःची जीभ उपटून टाकावी असं मला त्या वेळी वाटलं, आणि अजूनही वाटतं.

आठव्या दिवशी सगळ्यांच्या गाड्या निघाल्या. आम्ही गोरेगावजवळ माझ्या मामांच्या ओसरीत उतरलो. एका सकाळी बाबांनी कोरा कागद माझ्यापुढे ठेवला.

"लिव. आमी तिथी राहत होतो, येवढंच लिव. जास्त शहाणपण नोको करू."

मी तेवढंच लिहिलं आणि तहसिलीत गेलो. बाबूने अर्ज वाचून परत सरकवला. अर्जदाराचं गाव त्यात नव्हतं. मी रिठी लिहिलं, तर तो म्हणाला, ओसाड गावात राहणारा अर्जदार कसा असेल? मामांचं गाव लिहिलं, तर म्हणाला, मग तुम्हाला गाव आहे की. मी घरी आलो तेव्हा बाबा वाटेवरच उभे होते. "घेतला काय अर्ज?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

किल्ल्यातली बाकीची माणसं जिथे जागा मिळाली तिथे घरं बांधून मोकळी झाली. मामांनीही आम्हाला जागा दिली, बांबू आणून टाकले. पण बाबांनी कूड घालू दिला नाही. "सरकारचं उत्तर येऊन राहिलं, घर कायले बांधतोस?" असं ते मलाच विचारत. मामांच्या ओसरीत ते तीन पावसाळे रस्त्याकडे तोंड करून झोपले. खाकी कपड्यातला कोणी दिसला की उठून बसत, अंगरखा सारखा करत. आज खरं सांगायचं, असं मी रोज ठरवत होतो. चौथ्या पावसाळ्याआधी ते त्याच ओसरीत गेले, आणि अर्ज माझ्या पेटीत होता.