विकीची तापलेली हलगी

भूतबीत मी मानत नाही. असले अनुभव वाचून सगळ्यात जास्त खिदळणारी मीच. तेव्हा आता माझ्यावर हसायचं तर खुशाल हसा…

आमचा पंक बँड आहे. आटपाडीजवळ संग्रामच्या बंद पोल्ट्री शेडमध्ये प्रॅक्टिस चालते. रेडिओवर आम्ही कधीच लागणार नाही, पण सांगली-साताऱ्यात आमची गाणी तोंडपाठ असलेली पोरं आहेत. मी बास वाजवते, संग्राम गिटार. गायचा विकी, आणि ड्रमऐवजी हलगी बडवायचा. चामड्याचीच. चामडं सादळलं की आवाज बसतो, म्हणून वाजवण्याआधी ती कडब्याच्या जाळावर शेकायची. त्याचा एक नियम होता — तापवली की वाजवल्याशिवाय परत खुंटीला लावायची नाही.

विकी शिरवळला एका कंपनीत कामाला होता. प्रेस मशीन बिघडलंय हे तिथे सगळ्यांना माहीत होतं, तरी शिफ्ट चालू ठेवली. त्यातच तो गेला. त्याच मशीनवर त्यानं आधी गाणं केलं होतं, शिव्यांसकट.

या पावसाळ्यात पुण्याचा मोठा शो मिळाला. स्पॉन्सर कोण? तीच कंपनी! अट एकच, ते गाणं नको. आणि संग्राम 'हो' म्हणून आला. वर फायबरची नवी हलगी घेऊन आला, शेकायची कटकट नको म्हणून.

"लय मोठा चान्स हाय रेश्मे. विकी असता तर त्योबी आला असता."

"त्याचं नाव काढू नगंस," मी म्हणाले. डोकं सणकलं होतं माझं.

आमच्याकडे पाऊस तसा कमीच, पण त्या दिवशी सकाळपासून झड लागलेली. भर दुपारी शेडमध्ये अंधारलेलं. भांडता भांडता मी विकीची हलगी खुंटीवरून ओढली. तो गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. संग्रामच्या अंगावर फेकणारच होते — आणि तळहात भाजला.

हलगी तापलेली होती. काडी मारली तर आवाज कडक, खणखणीत. शेडमध्ये जाळ नाही, राख नाही, पत्रा गळून जमीन ओली. कुलूप तर आम्हीच आत्ता उघडलेलं.

संग्राम पांढराफटक पडला. मग त्यानं गिटार जोडली. हलगी तापली होती, वाजवणं भाग होतं. हलगी बडवत ते गाणं मीच ओरडले, घसा फुटेस्तोवर. संपल्यावर त्यानं पुण्याला फोन लावला. "गाणं होणार. न्हाईतर आमी न्हाई." शो गेला. गेला तर गेला.

हे सगळं मी विकीच्या आईला सांगितलं. वाटलं, बरं वाटेल. त्या तांदूळ पाखडत होत्या. सूप खाली आपटलं त्यांनी.

"गाण्यासाठी आला व्हय? मग घरला का न्हाई आला? मी कोण न्हवं त्याची?"

हलगी कशी तापली, मला आजही सांगता येत नाही. त्याचं काही वाटत नाही मला. पण त्या माउलीला काय सांगू?