न सापडलेला थकवा

"दमलात का?" असं कुणी विचारलं की मी चटकन "छे, मुळीच नाही" म्हणते आणि मग माझी मलाच चीड येते. गुडघे कुरकुरतात, जिना चढताना मध्येच थांबून भिंतीचा रंग न्याहाळल्याचं सोंग करावं लागतं, तरी "हो बाई, दमले" एवढं साधं बोलणं तोंडातून निघत नाही. आम्ही चार शिकलेल्या माणसांनी एके काळी हेच बोलणं शोधायचा घाट घातला होता. ठाण्याजवळ कोलशेतला, खाडीकाठच्या एका कारखान्यात. थकवा मोजायचा, कागदावर आणायचा आणि सिद्ध करायचा. आठवलं तरी अंग जड होतं.

स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. मी ठाण्याच्या एका इस्पितळात नर्स होते आणि राहायला डोंबिवलीला, आईजवळ. आमच्याकडच्या मुली तेव्हा फार तर मास्तरीण व्हायच्या. मी नर्स झाले म्हणून निम्मे नातेवाईक आमच्याकडचं पाणीसुद्धा बिचकत प्यायचे. त्यात मी वरच्या परीक्षेला बसायचं ठरवलं आणि त्या परीक्षेला एक निबंध लिहावा लागे, स्वतः पाहणी करून. विषय मी निवडला नाही, तो माझ्या पायांनीच निवडला. दिवसभर वॉर्डात उभं राहून घरी आले की पायांचे तुकडे पडायचे. मी लिहून दिलं, उभ्याने काम करणाऱ्या बायकांचे पाय.

माझा मामेभाऊ वकिलीच्या मोठ्या पदवीसाठी कारखान्यांच्या नव्या कायद्यावर प्रबंध लिहीत होता. तो म्हणाला, "अगं, कायद्यात कामगारांच्या बसण्याची सोय सांगितली आहे, पण अंमलात कुठे येते? मालक म्हणतो, दमतंय कोण? दाखवा! आणि दाखवायला कुणाकडे काही नाही." त्याच्या ओळखीचे एक प्राध्यापक ठाण्यात खोली घेऊन राहत. पदार्थविज्ञानाचे, पण त्यांचं सगळं लक्ष जिवंत शरीराकडे, स्नायू किती जोर लावतो आणि तो कसा ओसरतो त्याकडे. त्या शास्त्राला आता भारदस्त नाव आहे. तेव्हा ते बेडकाच्या पायांवर प्रयोग करत, म्हणून लोक त्यांना नुसतंच 'बेडकांचे प्रोफेसर' म्हणायचे. चौथे त्या कारखान्याचे लेबर ऑफिसर. कामगार भरती करायचे, तक्रारी ऐकायचे, आणि संध्याकाळी मुंबईला जाऊन कामगार-कल्याणाचा अभ्यासक्रम करायचे. माणूस सज्जन. त्यांनीच आम्हाला दार उघडून दिलं.

कारखान्यात औषधाच्या बाटल्या भरायच्या. बाटल्या धुऊन, पुसून, लेबल लावून खोक्यात ठेवायचं काम सगळं बायकांचं, आणि सगळं उभ्याने, ओल्या फरशीवर. बायका आजूबाजूच्या गावांतल्या, कोळ्यांच्या, आगऱ्यांच्या. बसायला बाक नाही. बसलं की हात मंदावतो, असं मालकांचं ठाम मत. फार झालं तर रिकामं खोकं उलटं घालून दोन घटका टेकायचं आणि मुकादम दिसला की उठायचं. तोही बिचारा दुसरीकडे बघायचा.

त्यांच्यात एक वयस्क बाई होती. तिला सगळ्या काकी म्हणत, मीही काकीच म्हणू लागले. नवरा खाडीत गेलेला, सून बाळंतपणात गेलेली, दोन नातवंडं पदरात. तिच्या डाव्या घोट्यावर जुनी जखम होती, शिरांची, उभं राहून राहून चिघळलेली. पाहिलं आणि मला कळलं, ही बाई बसली नाही तर हा पाय जाणार. मी लेबर ऑफिसरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "सिस्टर, एका बाईच्या पायासाठी मालक बाकं करणार नाहीत. मला कागदावर थकवा दाखवा, बाकं मी आणतो." त्या दिवसापासून माझा निबंध वगैरे बाजूला पडला. मला ती बाकं हवी होती.

मग सुरू झाल्या बैठका. प्राध्यापकांच्या खोलीवर, रविवारी. पहिले कित्येक रविवार थकव्याची व्याख्या करण्यात गेले. मामेभाऊ म्हणे, व्याख्या नसेल तर कोर्टात टिकणार नाही. प्राध्यापक म्हणत, मन वगैरे सोडा, स्नायूचं बोला. लेबर ऑफिसर म्हणत, कंटाळा आणि थकवा यांत फरक करायला हवा. आणि मी आठवडाभर ड्यूटी करून आलेली, भिंतीला टेकून पेंगतेय! "तुमचं काय मत, सिस्टर?" असं विचारल्यावर मी दचकून जागी व्हायची आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला उठायची. डोंबलाची व्याख्या! थकवा त्यांच्या समोर बसून जांभया देत होता.

शेवटी प्राध्यापकांनी यंत्र आणलं. एक स्प्रिंगची मूठ, ती दाबली की दोऱ्याने एक सुई हलायची आणि काजळी धरलेल्या कागदावर पांढरी रेघ उठायची. जोर जास्त तर रेघ उंच. कागदावर काजळी धरायला ते रॉकेलची चिमणी लावून बसत. माझ्या आईने ऐकलं तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, "जन्मभर भांड्यांची काजळी घासून आमचे हात झिजले, आणि हा विद्वान हौसेने काजळी धरतो!" योजना सोपी होती. बाईने सकाळी कामावर येताना मूठ दाबायची, संध्याकाळी सुटताना पुन्हा दाबायची. संध्याकाळची रेघ बुटकी येणार, आणि जेवढी बुटकी तेवढा थकवा. मी शेजारी बसून नाडी बघायची आणि फितीने घोटे मोजायचे. लेबर ऑफिसर टेबलाशी उभे राहून एकेकीचं नाव पुकारायचे, कारण नावं त्यांनाच पाठ.

पहिल्या दिवशी मोठी गंमत. सकाळी बायका लाजत लाजत मूठ दाबून गेल्या. संध्याकाळी मात्र टेबलाभोवती ही झुंबड! एक दाबतेय, बाकीच्या ओरडतायत, "दाब गो, नवऱ्याचा गळा हाय समज!" दात ओठ खाऊन, पदर खोचून, एकेक जण अशी दाबत होती की प्राध्यापकांना स्प्रिंगची काळजी वाटायला लागली. काकीने तर डोळे मिटून मूठ अशी आवळली की तिच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. संध्याकाळच्या रेघा सकाळपेक्षा उंच आल्या.

आम्हाला वाटलं, पहिला दिवस, नवलाई आहे. दुसऱ्या दिवशी तेच. पुढच्या आठवड्यात तेच. घोटे सुजलेले, नाड्या धडधडतायत, आणि रेघा मात्र चढत्या. प्राध्यापकांचा आनंद गगनात मावेना. "सिस्टर, हे नवीन आहे! काम करून जोर वाढतोय!" मी म्हटलं, "अहो सर, त्यांचे पाय बघा." ते म्हणाले, "पाय तुमच्या निबंधात. माझं यंत्र हाताचं आहे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्यांना बोलून उपयोग नव्हता. जोर वाढतो कसा, ते मलाही कळत नव्हतं.

कळलं ते काकीच्या घरी. दोन दिवस ती कामावर आली नाही म्हणून मी पट्टीचं सामान घेऊन तिच्या गावात गेले. टांगेवाल्याने चिखल बघून अर्ध्या वाटेवरच उतरवलं, पुढे पायी. काकी ओटीवर पाय पसरून बसली होती आणि नातवंडं वाळत घातलेल्या सुकटावरचे कावळे हाकत होती. मी जखम धुतली. मान वर न करताच म्हटलं, "काकी, हा पाय घेऊन संध्याकाळी एवढा जोर आणता कुठून?"

ती हसली. "आणाला लागतो गो बाय. सकाली कशाला दाबायची? सकाली हात राखून ठेवाचा, दिवसभर बाटल्या हायत ना. सांजच्याला सगला जोर एकदम काढाचा."

"पण कशासाठी?"

"होडी वर ओढताना शेवटच्या हाकेला जो ढिला पडला, त्याला फुडच्या खेपंला कोन घेल? कोनी नाय घेत. आनि साहेब सवता नाव पुकारतो. मागच्या साली त्यानीच अशी नावं पुकारली नि तेवढ्या बाया घरी गेल्या. जिचा काटा खाली, ती घरी. आमाला कलतं गो."

माझ्या हातातली पट्टी अर्धी गुंडाळलेलीच राहिली. आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की ज्या तोंडाने आदल्या वर्षी कपातीची नावं वाचली, त्याच तोंडाने आम्ही थकव्याला हाक मारत होतो. बाकांसाठी मोजतोय हे आम्ही बायकांना सांगितलंही नव्हतं. सांगितलं तर त्या मुद्दाम कमी दाबतील, शास्त्र बिघडेल, असं प्राध्यापकांचं म्हणणं. शास्त्र बिघडलं नाही हो, अगदी सोवळ्यात राहिलं.

त्या रविवारी मी सगळं सांगितलं. प्राध्यापक गोरेमोरे झाले, मग म्हणाले, "एका बाईच्या सांगण्यावरून इतक्या रेघा फेकून द्यायच्या?" मामेभाऊ म्हणाला, "ऐकीव पुरावा आहे गं. त्या स्वतः लिहून देतील का?" मी म्हटलं, "दे तूच लिहून. 'नोकरी जाईल म्हणून भिते', आणि खाली सही नाहीतर अंगठा. देईल कुणी?" लेबर ऑफिसरांचा चेहरा मात्र उतरला होता. ते म्हणाले, "मला भितात?" आणि मग त्याहून हळू आवाजात, "पहिल्या रेघांचा गोषवारा मी मालकांना दिला आहे. मागितला होता त्यांनी."

मला ओरडावंसं वाटलं. ओरडलेही. काय बोलले ते आता आठवत नाही, पण प्राध्यापकांची शेजारीण डोकावून गेली एवढं आठवतं.

दुसऱ्याच आठवड्यात मी आणि लेबर ऑफिसर मालकांकडे गेलो. मी घोट्यांची मापं नेली होती, काकीच्या जखमेचं सांगितलं, बायका का जोर लावतात तेही सांगितलं. मालक शांतपणे ऐकत होते. मोठा मिठ्ठास माणूस. त्यांनी आमच्यासाठी सरबत मागवलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेली माणसं. यंत्र तुमचं, रेघा तुमच्या, मोजणारे तुम्ही. माझ्या बायका संध्याकाळी ताज्यातवान्या असतात हे तुम्हीच मला दाखवलंत. आता नाही म्हणता?" आम्ही उठलो. सरबत तसंच राहिलं.

त्यानंतर कारखान्यात एकच बदल झाला. ती उलटी खोकी गेली. बसायची गरज नाही हे शास्त्राने सिद्ध झाल्यावर रिकामी खोकी वाटेत कशाला, म्हणून ती मागच्या आवारात रचून ठेवायचा हुकूम निघाला. बाकं मागायला गेलो होतो आणि जे होतं तेही घालवून बसलो. शत्रूनेसुद्धा इतकं नेटकं काम केलं नसतं.

पुढे प्राध्यापकांचा लेख छापून आला, रेघांसकट. मामेभावाला पदवी मिळाली. प्रबंधात त्याने काकीबद्दल एक ओळ घातली होती, ती परीक्षकांनी काढायला लावली. लेबर ऑफिसर नोकरी सोडून नाशकाकडे गेले. जाताना मला भेटून गेले. मी परीक्षा पास झाले आणि मला नव्या मुलींना शिकवायचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी मेट्रन म्हणाल्या, "मुलींना सांगा, वॉर्डात कधी दमल्यासारखं दिसायचं नाही." मी मुलींना तसं सांगितलंही. काय करता!

काकीला आमच्या इस्पितळात आणलं ते पावसाळा संपताना. जखम वर चढली होती, पाय काळा पडला होता, ताप उतरत नव्हता. डॉक्टरांनी पाहिलं, चादर नीट केली आणि पुढच्या खाटेकडे गेले. मी स्टूल ओढून शेजारी बसले आणि सवयीने नाडी बघायला तिचा हात हातात घेतला. नाडी धाग्यासारखी लागत होती.

तिने डोळे उघडले. मला ओळखलं, आणि मग माझ्यामागे, दाराकडे बघितलं.

"साहेब आलाय?"

"नाही काकी. साहेब गेले नोकरी सोडून. कुणी नाही इथे, मी एकटीच आहे. दमलात ना?"

"नाय गो बाय," ती म्हणाली, आणि माझ्या हाताभोवती तिची बोटं हळूहळू आवळायला लागली. डोळे मिटलेले, दातावर दात, मानेची शीर तटतटलेली. होता नव्हता तो सगळा जोर तिने काढला. "बग. हाय ना अजून? लिव तसं."

"आहे काकी. खूप आहे. आता सोडा. बाकं नाहीत, यंत्र नाही, कुणी लिहीत नाही. सोडा हो."

तिने सोडला नाही. मलाच नंतर एकेक बोट सोडवून माझा हात काढून घ्यावा लागला.